लाखेचे पॉलिश आणि महाबळेश्वरचा पाऊस

‘लाखोटा’ हा शब्द आता फारसा कानांवर पडत नाही. पत्र बंद करावयाचे, त्यावर लाख वितळवून टाकावयाची आणि तिच्यावर शिक्का उमटवावयाचा, म्हणजे तो लाखोटा झाला. बायकांच्या पायांना लावण्याचा अळता हाही मूळचा लाखेचाच रंग. कौरवांनी वारणावतात पांडवांसाठी लाक्षागृह बांधविले, ते या लाखेला आग चटकन लागते म्हणून. इतकी ही वस्तू आपल्या जुन्या ओळखीची आहे. परंतु आजोबांच्या वेळच्या शिसवी कपाटावर, सागवानी टेबलावर, देवघराच्या चौकटीवर जी मधासारखी झळाळी दिसते ती देखील लाखेचीच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘पॉलिश केलेले आहे’ एवढेच आपण म्हणतो, आणि त्यावर चहाचा पेला टेकवितो.

मी सुतार नव्हे व पॉलिशवालाही नव्हे. कामगार संघटनेचे काम करीत आलो आणि त्या निमित्ताने ज्यांची भांडणे भांडलो, त्यांचे धंदे समजून घ्यावे लागले. लाखेविषयी मला जे कळले ते असे एका भांडणातून कळले. ते भांडण पुढे येईलच. आधी लाख म्हणजे काय ते पाहू.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक बारीक किडा वस्ती करतो. शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ‘केरिया लॅक्का’ असे ठेवले आहे. झाडाचा रस पिऊन तो आपल्याभोवती राळेचे कवच उभारतो. हजारो किड्यांची कवचे एकमेकांना चिकटली म्हणजे डहाळीवर तपकिरी खरपुडी धरते, तीच लाख. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, बंगाल हे तिचे मोठे मुलूख. आपल्याकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांतही पळसावर लाख धरतात. तिच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे संशोधनसंस्था निघाली, इतका त्या काळी हा व्यापार मोठा होता. जगातल्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या होत्या. मिरजेत राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो या किड्याच्या कवचावर कोरला जाऊन. पुढे तबकड्या प्लॅस्टिकच्या झाल्या आणि लाखेचे एक मोठे गिऱ्हाईक गेले.

डहाळीवरची लाख खरवडून, कुटून, धुऊन तिचा दाणा करतात. धुण्याच्या पाण्यात लाल रंग उतरतो, तोच अळत्याचा. मग तो दाणा कापडाच्या लांब, अरुंद पिशवीत भरतात. कोळशाच्या भट्टीसमोर एकजण ती पिशवी हळूहळू पिळतो. आचेने वितळलेली लाख कापडातून पाझरते. तो गरम गोळा दुसरा माणूस उचलतो आणि दोन्ही हातांनी, दोन्ही पायांच्या बोटांनी आणि दातांनी धरून ताणतो. कातड्यासारखा मोठा पातळ पडदा होतो. थंड झाला म्हणजे त्याचे तुकडे करावयाचे, की झाला चपडा. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रे आली, परंतु ही हातभट्टीची रीत फार वर्षे चालली. आपण ज्याला ‘चकाकी’ म्हणतो ती कोणाच्या तरी दातांत धरून ताणलेली असते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की झाले फ्रेंच पॉलिश. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांत लिटरभर स्पिरिटाला १४० ग्रॅम चपडा असे प्रमाण दिलेले आहे. नाव फ्रेंच, कारण बोळ्याने ते लावण्याची कला फ्रान्समध्ये नावारूपाला आली. माल मात्र आपल्या रानातला. लाकूड काचकागदाने घासून गुळगुळीत करतात, भेगा व रेषा बुजवितात, आणि मग कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यात बांधून त्याने पॉलिशचे हात देत जातात. एका हाताने काम होत नाही. पातळ हात, वाळू द्यावयाचा, पुन्हा हात, पुन्हा काचकागद, पुन्हा हात. बोळा चिकटू नये म्हणून जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. चांगल्या टेबलावर असे कित्येक हात चढलेले असतात आणि सगळे मिळून जाडी एखाद्या कागदाएवढीही भरत नाही.

या पातळ पापुद्र्याचा स्वभाव समजला की त्याची निगा कशी राखावी हे निराळे शिकावे लागत नाही. लाख स्पिरिटात विरघळते. म्हणून कोलनवॉटर सांडले, की तिथे डाग पडलाच. २०२० साली करोना आला आणि घरोघरी, हॉटेला-हॉटेलांतून हात धुण्याचे सॅनिटायझर टेबलावर येऊन बसले. ते म्हणजे बहुतांशी मद्यार्कच. त्या दोन वर्षांत जुन्या टेबलांचे जे नुकसान झाले, ते त्याआधीच्या वीस वर्षांत झाले नसेल. लाख ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन वितळू लागते. म्हणून वाफाळता पेला तिच्यावर ठेवू नये. सोडा, साबण, अमोनिया यांसारख्या क्षारांनी ती सुटू लागते. म्हणून घरातली हौशी मंडळी लादी पुसण्याचे पाणी घेऊन कपाटही पुसून काढतात तेव्हा ती चकाकी धुऊन टाकीत असतात. आणि पाणी तिच्यावर साचून राहिले तर ती पांढरी पडते.

पाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आपण महाबळेश्वरात बोलत आहोत.

या डोंगरावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत ढग घरात शिरतो, मीठ पाझरते, आगपेटी पेटत नाही, पुस्तकांना बुरशी येते. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने येथे वस्ती बसविली तेव्हापासून बंगलेवाल्यांनी या पावसाशी सामना केलेला आहे. पावसाळ्याआधी बंगल्यांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधीत, बंगले बंद होत आणि माणसे खाली उतरत. बाहेरची भिंत गवताने झाकली जाई; आतल्या लाकडाला मात्र लाखेवरच भागवावे लागे.

इथे एक गैरसमज दूर करू. लाखेचे पॉलिश दमट हवेला टिकत नाही असे सर्रास म्हणतात. हवेतली ओल लाकडात शिरू न देण्याच्या कामी लाख चांगली आहे. नुसत्या तेलापेक्षा पुष्कळ चांगली. तिला सोसत नाही ते पाठीवर साचून राहिलेले पाणी. मग टेबले पिळतात, फळ्या वाकतात, त्याचे कारण काय? कारण आपण लाख दिसणाऱ्या बाजूलाच लावतो. टेबलाचा वरचा फळा आरशासारखा आणि खालची बाजू कोरडी, नागडी. पावसाळ्यात खालची बाजू ओल पिते व फुगते, वरची बाजू तशीच राहते, आणि फळा धनुष्यासारखा होतो. कपाटाच्या पाठीचे तेच. टेबल-खुर्च्यांच्या पायांचे तळ तर उघड्या तोंडाच्या नळ्यांसारखे असतात. ओल्या फरशीवरचे पाणी तेथून सरळ वर चढते. म्हणून पॉलिश करवून घेताना खालच्या बाजूला दोन हात, पाठीला दोन हात आणि पायांच्या तळांना चांगले तीन-चार हात द्यावयास सांगावे. त्याची मजुरीही द्यावी. पॉलिशवाला ते आपण होऊन करीत नाही, कारण न दिसणाऱ्या कामाचे पैसे त्याला आजवर कोणी दिलेले नाहीत.

आता ते भांडण. काही वर्षांपूर्वी या बाजूच्या एका बंगल्यावर आमच्या संघटनेतल्या एका पॉलिशवाल्याने जेवणाच्या खोलीतले सारे सामान पॉलिश केले. वयस्क माणूस, हात नामांकित. काम दिले गेले जूनच्या पहिल्या आठवड्यात. हंगामाचे पाहुणे गेले, खोल्या मोकळ्या झाल्या, तेव्हा आता करून घ्या, हा मालकांचा हिशेब. तो म्हणाला, ‘आता नको, हवा फिरली आहे.’ मालक म्हणाले, ‘आता नाही तर दुसऱ्याला देतो.’ त्याने काम केले. जुलैत सारे टेबल दुधासारखे पांढरट झाले. मालकांनी चपड्यात भेसळ असल्याचा आरोप करून मजुरी अडकवली. आम्ही मध्ये पडलो. मी टेबल पाहिले तेव्हा मलाही वाटले, की हे काम गेले. तो मात्र शांत होता. म्हणाला, ‘लाकूड न्हाई भिजलं, अण्णा. वरची साय तेवढी दमटलीया.’

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. स्पिरिट उडून जाताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, उन्हाळ्यात हातावर स्पिरिट टाकले की गार वाटते तसा. हवा आधीच ओलीचिंब असली की त्या गार पृष्ठभागावर दव धरते, आणि ते दव वाळत्या लाखेत कोंडले जाते. पांढरेपणा तो हाच. यात ना भेसळीचा संबंध, ना हाताचा. दोष फक्त महिन्याचा. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरातल्या एका कोरड्या दुपारी, मालकांच्या समक्ष त्याने बोळ्यावर अगदी थोडे स्पिरिट घेतले, बोळा गालाला लावून तो जवळजवळ कोरडा असल्याची खात्री केली, आणि टेबलावरून झपाट्याने, कोठेही न थांबता फिरविला. पांढरे ढग डोळ्यांदेखत विरले. वर एक पातळ हात दिला. मजुरी मिळाली, दिवाळी मात्र होऊन गेली होती.

त्या दुपारी मला लाखेचा जो गुण दिसला तो मी आजवर विसरलो नाही. स्पिरिटात विरघळणे हा तिचा दुबळेपणा आणि त्यामुळेच ती दुरुस्त होते. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. जोड दिसत नाही. हल्ली मेलामाइन किंवा ‘पीयू’ पॉलिशचा बोलबाला आहे. ते कडक असते, पाण्याला दाद देत नाही, आणि उपाहारगृहाच्या टेबलाला ते लावले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याला ओरखडा पडला, कोपरा उडाला, खालून ओल शिरून पापुद्रा सुटला, की सारे खरवडून मूळ लाकडापासून सुरुवात करावी लागते. शंभर वर्षांच्या कपाटावरचे लाखेचे हात खरवडून मेलामाइन मारणे म्हणजे जुनी पैठणी विकून नायलॉन घेणे. त्यातून मालकांना वाटते, की आता पाच वर्षे पॉलिशवाला लागणार नाही. तेवढेच हातावरच्या पोटाचे काम गेले.

आमच्याच भागात लाखेची कदर पाहावयाची असेल तर मिरजेस जावे. तेथले सतारमेकर तंबोरे व सतारी हातांनी घडवितात; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्यावर व दांडीवर जी झळाळी असते ती चपड्याच्या पॉलिशची. तो पापुद्रा पातळ असतो म्हणून लाकडाचा आवाज कोंडत नाही, आणि वाद्य दुरुस्तीला आले की ठिगळ न दिसता पुन्हा हात देता येतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची रीत निराळी. तिथे स्पिरिट नाहीच. खरादावर गरगर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी लावतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर बसते. लाख तीच, पण तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

घरच्या सामानाकडे येऊ. आपल्याकडे टेबल जपण्याची ठरलेली रीत म्हणजे त्यावर प्लॅस्टिकचे जाड कापड अंथरणे. लाखेला याहून वाईट शत्रू शोधून सापडावयाचा नाही. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते, आणि प्लॅस्टिक नरम राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये घातलेली असतात ती लाखेत उतरून ती चिकट होते. मे महिन्यात कापड ओढून काढावे तर पॉलिशही त्याच्याबरोबर येते. सुती कापड अंथरा, पेल्याखाली सुताची किंवा वेताची चकती ठेवा. पावसाळी पाहुणे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ येतात. त्यांना दाराशीच खुंट्या द्या, म्हणजे ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर पडणार नाही. सामान जांभ्याच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा. आणि सामान वाळविण्यासाठी शेजारी शेगडी किंवा विजेचा हीटर ठेवू नका. चार महिने ओल प्यालेले लाकूड एका रात्रीत वाळविले तर ते तडकते, आणि लाकूड तडकले म्हणजे लाख त्याला काय करणार?

पेल्याचा पांढरा गोल उमटला तर पहिला उपाय म्हणजे काही न करणे. कोरड्या हवेत आठ-दहा दिवस वाट पाहावी. पुष्कळदा तो आपोआप जातो. न गेला तरच स्पिरिटचा बोळा, आणि तोही जाणत्याच्या हातून, कारण बोळा जरासा थांबला की पॉलिश उचलून येते. मुळात आपल्या सामानावर लाख आहे की दुसरे काही, याची परीक्षा सोपी आहे. न दिसणाऱ्या जागी, फळ्याच्या खाली वगैरे, स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभराने बोट लावा. चिकट लागले तर लाख. काहीच झाले नाही तर मेलामाइन किंवा तत्सम. मग वर सांगितलेला उपाय तिथे करू नका.

लाखेवर संरक्षण म्हणून काय लावावे, असे विचारतात. बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात. पुष्कळांत सिलिकोन असते; दोन दिवस चकाकते, पण पुढे कधी नवा हात द्यावयाचा झाला तर पॉलिश त्यावर बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल खड्डे पडतात. याहून उत्तम वस्तू आपल्या दाराशी आहे. महाबळेश्वर मधाचे गाव. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय येथे आहे, मधुसागर ही मधपाळांची सहकारी संस्था येथे आहे, आणि शेजारचे मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मध सगळे नेतात. मेणाकडे फारसे कोणी पाहत नाही. एक भाग शुद्ध मेण किसून दोन-तीन भाग टर्पेंटाइनमध्ये घालावे. डबा गरम पाण्यात ठेवून ते विरघळू द्यावे. पाणी आधी तापवून, चुलीवरून उतरवून, मगच डबा त्यात ठेवावयाचा. टर्पेंटाइन विस्तवाजवळ न्यावयाचे नाही. थंड झाल्यावर लोण्यासारखे होते. जुन्या धोतराच्या फडक्याने अगदी पातळ लावावे, अर्धा तास थांबून दुसऱ्या फडक्याने जोर लावून घासावे. जाड थर देऊ नये, त्यावर धूळ बसते. मेण आपल्या अंगाने फारसे मजबूत नाही, पण सांडलेले पाणी त्यावरून घरंगळते आणि पुसायला अवधी मिळतो. ओरखडा मेणावर पडतो, लाखेवर नाही. वर्षातून एकदा, एप्रिलच्या अखेरीस वा मेच्या आरंभी, आणि हॉटेलांत पावसाळा उलटल्यावर पुन्हा एकदा, एवढे केले तर लाखेला हात लावण्याची पाळी कित्येक वर्षे येत नाही.

तयार पॉलिश बाटलीत वर्षानुवर्षे साठवू नये. चपडा स्पिरिटात पडला की हळूहळू बदलतो. जुने पॉलिश कितीही दिवस ठेवले तरी नीट वाळत नाही, बोटाला चिकटतच राहते. कोरडा चपडा मात्र थंड जागी पुष्कळ टिकतो. तेव्हा लागेल तेवढेच भिजवावे, बाटलीवर तारीख घालावी आणि सहा महिन्यांनंतर वापरण्याआधी काचेवर एक थेंब वाळवून पाहावा.

शेवटी स्पिरिटविषयी सांगितल्याशिवाय माझ्यासारख्याला हा विषय सोडता येणार नाही. उद्योगासाठीचे स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळतात. मिथेनॉल हे त्यांतले एक. तरीही माणसे प्याली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात विकृत मद्यार्काच्या पदार्थांची जी व्याख्या आहे तीत लॅकर आणि व्हार्निश यांच्या जोडीने फ्रेंच पॉलिशचे नाव आहे. सुताराच्या सामानाचे नाव दारूच्या कायद्यात यावे, यावरून काय ते समजावे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे गेली. मिथेनॉल शरीरात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांची नस जाळते. परंतु ते शरीरात जाण्यास प्यावेच लागते असे नाही. वाफेने छातीत जाते, कातडीतूनही जिरते. पॉलिशवाला दिवसभर उघड्या हाताने भिजलेला बोळा धरतो, कोंदट खोलीत बसतो, आणि संध्याकाळी डोके दुखते म्हणून सांगतो. तुमच्या घरी पॉलिशचे काम निघेल तेव्हा दुकानदाराकडून मिथेनॉल नसलेले स्पिरिट मागा, कामगाराला रबरी हातमोजे द्या, खोलीत विडी, निरांजन, गॅसची शेगडी काही पेटू देऊ नका, आणि दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवा. माघ-फाल्गुनात महाबळेश्वरला हे सहज जमते. हवा कोरडी असते आणि एप्रिलच्या पाहुण्यांना अवकाश असतो. जूननंतर इथे खिडकी उघडता येत नाही, आणि मग बंद खोलीतली ती वाफ एकटा पॉलिशवालाच घेत बसतो.